आई आहे का घरात?

अहो वहिनी, थांबा, आत जाऊ नका. कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा या इकडं भिंतीशी. कढीपत्ता हवा होता ना तुम्हाला? देते तोडून, पण आधी एक सांगा. काल भिशीला समोरच्या बंगल्यातल्या पोराबद्दल तुम्ही काय बोललात? मी नव्हते हो, पण दूधवाल्यापासून पिको-फॉलवालीपर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालं. 'उद्धट कार्टं आहे, माझ्या तोंडावर दार लावलं.' असंच ना?

आता नेमकं झालं काय? तुम्ही बेल वाजवलीत, त्यानं दार उघडलं. तुम्ही विचारलंत, 'काय रे, आई आहे का घरात?' तो म्हणाला, 'आहे.' आणि दार लावून घेतलं. हो ना? मग त्याचं चुकलं कुठं? विचारलंत त्याचं उत्तर दिलं, तेही खरं. 'आईला बाहेर बोलाव, माझं काम आहे' असं तुम्ही म्हणालातच नाही. ते त्यानं ओळखून घ्यायचं होतं. नऊ वर्षांच्या इतर पोरांना ते ओळखता येतं, मान्य. याला नाही येत. पण म्हणून लगेच उद्धट?

हसा, हसा. आपण बायका किती सरळ बोलतो ते मला ठाऊक नाही होय! परवा तुम्ही आलात, मी विचारलं, 'चहा टाकू?' तर 'नको हो, आत्ताच झाला.' पुन्हा विचारलं, पुन्हा नको. मग न विचारताच आधण ठेवलं तेव्हा 'बरं, अर्धा कप' म्हणालात आणि चांगला भरून कप घेतलात. निघताना 'येते हं' म्हणालात, म्हणजे जाते. आणि वाटेत कोणी भेटलं की आपण म्हणतो, 'या की एकदा जेवायला.' तो खरंच रविवारी बायकापोरांसकट दारात उभा राहिला तर आपलं धाबं दणाणतं. नको म्हणजे हवं, येते म्हणजे जाते, जेवायला या म्हणजे येऊ नका. हे आपल्याला कोणी समोर बसवून शिकवलेलं नाही, अंगवळणी पडलंय. ज्याच्या अंगवळणी पडत नाही त्याला प्रत्येक वाक्य सोडवत बसावं लागतं, आणि तेही समोरचा माणूस उत्तरासाठी ताटकळलेला असताना.

ऑटिझम आहे त्याला. स्वमग्नता म्हणतात आपल्याकडं. राहायला आल्या आल्या त्याच्या आईनं मला सांगितलं, सिलिंडर यायच्याही आधी. लपवाछपवी काही नाही. मलाही ते नवं नव्हतं. माझ्या पुण्याच्या बहिणीचा मुलगा तसाच, आता तिशी ओलांडली त्यानं. वाचनालयात नोकरीला होते तेव्हा त्याच्यापायी जे हाताला लागेल ते वाचत गेले. ग्रंथपाल असण्याचा तेवढाच फायदा, पगार तर तुम्हाला माहीतच आहे.

काय म्हणालात? मोबाईल? वाटलंच, गाडी तिथं येणार.

अहो, अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं 1943 साली अकरा मुलांबद्दल सविस्तर लिहिलं, आठ मुलगे आणि तीन मुली. त्याच्याही आधी, 1925 मध्ये, रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरीणबाईंनी सहा मुलांची अशीच हकिगत लिहून ठेवली होती. पण बाईमाणसाचं म्हणणं जगाच्या कानावर पडायला जरा वेळच लागतो. तेव्हा कुठला आला मोबाईल? घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता. पोर दिवसभर स्क्रीनला चिकटलं तर बोलणं मागं पडू शकतं, झोप बिघडते, ते खरं, आणि त्यासाठी मोबाईल काढून घ्यावाच. पण ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतच असतो, अगदी पोटात असल्यापासून. मोबाईल नंतर येतो. त्यातलं गाणं शंभर वेळा लावलं तरी शंभरही वेळा तसंच वाजतं, म्हणून त्या पोराला तो बरा वाटतो. आपण माणसं कुठं तशी वाजतो? सकाळी एक, संध्याकाळी भलतंच.

'हल्लीच कसं निघालं हे?' असंही तुम्ही म्हणणार. हल्ली डॉक्टर ओळखतात, पूर्वी लोक नुसती नावं ठेवायचे. कोणी खुळा, कोणी तऱ्हेवाईक, कोणी 'अबोल हो, पण गुणाची पोर'. मुलींच्या बाबतीत तर अजूनही तेच. त्या इतरांचं बघून बघून वागणं उचलतात, हसायच्या जागी हसतात, आणि दमूनभागून घरी येऊन दार लावून घेतात. मग पस्तिशी-चाळिशीत कुणीतरी सांगतं की बाई, तुझं हे असं आहे. माझ्या माहेरी एक चुलत आजोबा होते. रोज ठरल्या वेळी मळ्यातल्या विहिरीपर्यंत जायचे. वाटेत कोणी हाक मारून थांबवलं तर उलट पावली घरी यायचे आणि उंबऱ्यापासून पुन्हा सुरुवात. त्यांना ऑटिझम होता असं मी म्हणत नाही, मेलेल्या माणसाला तपासणार कोण! पण गावानं एक केलं होतं. त्यांना वाटेत कोणी हाक मारायची नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

आणि 'आई नोकरीला जायची म्हणून पोर असं झालं' हे कोण म्हणालं? तुम्ही नाही? बरं, नसाल. पण म्हणालं कोणीतरी. मला सर्वांत राग येतो तो याचा. ग्रहणात विळी हातात घेतली, डोहाळे पुरवले नाहीत, सासूशी पटत नव्हतं, एकटंच मूल ठेवलं. काहीही निघू दे, बिल आईच्या नावावर. बापाबद्दल एक अक्षर नाही. आणि हे आपल्याच गल्लीतलं अडाणीपण आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी तीस वर्षं हेच केलं. आया थंड असतात, मुलाला माया देत नाहीत, म्हणून ते आपल्यात मिटून जातं, असं म्हणायचे. अशा आईला नावच पडलं होतं, फ्रिजसारखी आई! शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइमनं 1967 साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. हा माणूस स्वतः हिटलरच्या छळछावणीत राहून आलेला. त्यानं त्या छावणीतले कैदी आणि ही मुलं यांची तुलना केली. मग आई कोण झाली, तुम्हीच बघा. मुलांना आईबापांपासून तोडून संस्थेत ठेवणं हाच उपाय ठरला. काय काय सोसलं असेल त्या बायकांनी!

त्यातून सोडवलं कोणी, तर एका बापानं. बर्नार्ड रिमलँड नावाचा नौदलात काम करणारा मानसशास्त्रज्ञ होता, त्याचा मुलगा ऑटिस्टिक. बायकोकडं बघून त्याला कळेना की ही थंड कुठून? बसला वाचत, आणि 1964 मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की हे शरीरातलं आहे, मायेचा संबंध नाही. शेवटी 1969 साली खुद्द कॅनर पालकांच्या मेळाव्यात उभा राहिला आणि तुम्हाला या आरोपातून मोकळं करतो म्हणाला. पुढं 1977 मध्ये इंग्लंडात फोलस्टीन आणि रटर या दोघांनी जुळी मुलं तपासली. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला. साध्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकीतही नाही. म्हणजे पिंडातच आहे ते. जो खटला पन्नास वर्षांपूर्वी निकालात निघाला, तो आपण भिशीत पुन्हा चालवायचा?

लस? अहो, ती तर सरळसरळ लबाडी होती. 1998 साली लंडनच्या अँड्र्यू वेकफील्डनं बारा मुलांवर एक लेख छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय टाकला. पुढं उघडकीला आलं की लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे मिळत होते, मुलांच्या नोंदीही फिरवलेल्या. 2010 मध्ये छापणाऱ्या नियतकालिकानंच लेख मागं घेतला आणि त्याच वर्षी त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कनं 2019 मध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा हिशोब काढला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक नाही. मग लोकांना तसं का वाटतं? कारण लस देण्याचं वय आणि मूल वेगळं आहे हे आईच्या लक्षात येण्याचं वय एकच, दीड वर्षाच्या आसपास. दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या की पहिलीमुळं दुसरी झाली असं वाटतंच. तुमच्या नातीची दुसरी लस राहिलीय ना अजून? घेऊन टाका.

आणि तो तापाच्या गोळीचा मेसेजही तुम्हीच पाठवला होतात, ग्रुपवर. 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष बोलले की गरोदरपणी पॅरासिटामॉल घेऊ नका, आणि आपल्याकडं लगेच फिरायला लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये जवळजवळ 25 लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या होत्या. सरसकट पाहिलं तर किंचित फरक दिसत होता. मग त्यांनी एकाच आईची दोन लेकरं घेतली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. फरक गायब. म्हणजे फरक गोळीचा नव्हता, घराण्याचा होता. तुमची धाकटी सून सध्या दिवसांत आहे, ताप अंगावर काढायला लावू नका तिला. डॉक्टरांना विचारून घेऊ दे गोळी.

बरं, नजरेला नजर देत नाही म्हणता. वहिनी, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही मामंजींच्या डोळ्यांत बघून बोलत होतात का? पदर सावरून जमिनीकडं बघत होतात, आणि सगळे म्हणायचे सून किती वळणाची! तेच पोरानं केलं तर त्याच्या मनात काहीतरी खोट? जगभर हाच समज आहे म्हणा. 2006 साली 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा कसा ओळखावा. सगळ्यांत जास्त लोकांनी सांगितलं, तो नजर चुकवतो. आणि त्याच वर्षी दोघा संशोधकांनी शेकडो प्रयोगांची बेरीज मांडली, तर माणसं खोटं ओळखण्यात शंभरातून 54 वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा जमेल. माझा भाचा सांगतो, 'मावशी, डोळ्यांत बघितलं की मला ऐकू येत नाही. एक काहीतरी सांग, बघू की ऐकू?' तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ऐकतो, आणि अक्षर न् अक्षर लक्षात ठेवतो. आपले भाऊजी तुमच्या डोळ्यांत बघत 'हो हो' म्हणतात आणि दळण आणायचं विसरतात, ते चालतं!

गणपतीतलं आठवतं का? मंडळाचा डॉल्बी आपल्या कोपऱ्यावर थांबला होता. ते पोर पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसलं, कान दाबून, डोकं गुडघ्यावर आपटत. कोणीतरी म्हणालं, 'लाडावलंय, एक लगावून द्या, सरळ येईल.' लाडावलेलं पोर कसं रडतं ते आपण बघितलंय. त्याला काहीतरी हवं असतं, रडताना एक डोळा आपल्याकडं असतो, चॉकलेट दिलं की आवाज बंद. याला काही नको होतं. कोणी बघतंय याचीही त्याला शुद्ध नव्हती. खिडकीच्या काचा हादरत होत्या, माझ्या छातीत धडधडत होतं, आणि त्याच्या कानाला तर कुकरची शिट्टीसुद्धा टोचते. काहींचं उलट असतं, भाजलं तरी पटकन कळत नाही. त्याची आई काय करत होती? काही बोलत नव्हती. शेजारी बसली होती आणि गर्दीतून कोणी मध्ये येणार नाही एवढं बघत होती. 'काय बाई निवांत बसलीय' असं म्हणणारी एक होतीच.

आणि हळदीकुंकवाला माझ्याकडं झालं ते तर तुम्ही पाहिलंत. बैठकीत पंधरा-वीस जणी, वर मिक्सरवर डाळ वाटणं चालू, अत्तर, गुलाबपाणी, सगळ्याच एकदम बोलतायत. तो आईच्या शेजारी बसला होता, बोटं डोळ्यांसमोर हलवत. एकदम उठला आणि रेल्वेच्या बाईच्या आवाजात खणखणीत म्हणाला, 'यात्रीगण कृपया ध्यान दें!' मग मिरजेपासून गाडीचे सगळे थांबे. केवढ्या हसलो आपण! तुम्ही म्हणालात, 'पोपटासारखं बोलतंय नुसतं, अर्थ काही कळत नसणार.' तेवढ्यात त्याच्या आईनं पर्स उचलली, वाण पिशवीत टाकलं, 'येतो आम्ही' म्हणाली आणि निघाली. मी फाटकापर्यंत गेले तिच्याबरोबर. ती म्हणाली, 'काकू, स्टेशनची घोषणा म्हणजे त्याला निघायचंय.' गाडी सुटते तेव्हा ते वाक्य ऐकू येतं, म्हणून निघायचं असलं की ते वाक्य. किती सरळ आहे बघा. आधी डॉक्टरसुद्धा अशा बोलण्याला निरर्थक म्हणायचे आणि बंद करायला लावायचे. बॅरी प्रिझंटसारख्या लोकांनी 1980 च्या सुमाराला बारकाईनं ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्या उसन्या वाक्यांतून मूल मागतं, नको म्हणतं, स्वतःला धीर देतं. आपणही म्हणींनी बोलतोच की. 'नाचता येईना' एवढं म्हटलं की पुढचं ऐकणाऱ्यानं समजायचं. अंगण कुणी बघितलंय?

शिवाय तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत म्हणे! '15 ऑगस्ट 1947 ला कोणता वार होता?' त्यानं सांगितलं, 'माहीत नाही.' तुम्ही नाराज. शुक्रवार होता, मी सांगते, झालं? अहो, ते सगळं 1988 च्या 'रेन मॅन' पिक्चरमुळं. डस्टिन हॉफमननं काम काय सुरेख केलं, ऑस्कर मिळालं, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की प्रत्येक ऑटिस्टिक मूल म्हणजे चालतं पंचांग. गंमत म्हणजे ज्या किम पीक नावाच्या माणसावरून ती भूमिका सुचली त्याला ऑटिझम नव्हताच, त्याच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता. काही ऑटिस्टिक मुलांना अशी विलक्षण देणगी असते. बहुतेकांना नसते. काहींना बोलताच येत नाही, काहींना अभ्यास जड जातो, काही इंजिनिअर होतात. या पोराचं गणित कच्चं आहे, त्याच्या आईनंच सांगितलं. असू दे की. आपल्या पोरांचं कुठं पक्कं होतं?

भावना नाहीत म्हणालात, त्यावर मात्र मी गप्प बसणार नाही. त्याचे आजोबा गेले तेव्हा आपण सगळ्या भेटायला गेलो होतो. घर भरलेलं, बायका रडतायत आणि हा विचारतोय, 'पंखा का बंद आहे?' तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. दुपारी तीनला आजोबा झोपायचे आणि पंखा दोनवर लावणं हे त्याचं काम होतं. तीन वाजले होते. बस, एवढंच होतं ते. त्यानंतर बरेच दिवस तो तीन वाजता त्या खोलीत जाऊन पंखा लावायचा. रडला नाही, हे खरं. ज्या ढसाढसा रडत होत्या त्यांतल्या दोघी परत येताना साड्यांच्या सेलबद्दल बोलत होत्या, तेही खरं.

इंग्लंडात डेमियन मिल्टन म्हणून एक अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी 2012 मध्ये म्हटलं की तुम्ही म्हणता यांना आमचं मन कळत नाही. पण तुम्हाला यांचं कळतं का? अडचण दोन्ही बाजूंनी आहे, नावं मात्र एकालाच. पुढं एडिंबराला त्यावर एक खेळ करून बघितला, आपल्या कानगोष्टींचाच. आठ-आठ जणांच्या रांगा, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्यानं दुसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट जेवढी टिकली तेवढीच सगळे आपल्यासारखे असलेल्या रांगेत. 2020 च्या त्या खेळात मिसळलेल्या रांगेत जास्त गळाली. 2025 मध्ये जास्त माणसं घेऊन खेळ पुन्हा लावला तर मिसळलेली रांगही मागं पडली नाही. ऑटिस्टिक माणसाला सांगता येत नाही, हा समज दोन्ही वेळा खोटा ठरला. आता आपल्या रांगेचं बघा. तुमच्या तोंडावर दार लावलं ही गोष्ट कालच्या भिशीतून निघाली, आणि आज सकाळी दूधवाला मला सांगत होता की त्यानं तुम्हाला ढकललं!

नाही ना ढकललं? मग सांगा त्या दूधवाल्याला.

आणि पुढं काय होणार त्याचं, असं विचारता. कॅनरच्या त्या अकरा मुलांतलं पहिलं मूल होतं डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. चौथ्या वर्षाच्या आत त्याला संस्थेत ठेवला होता, डॉक्टरांचा सल्लाच तसा. वर्षभरानं आई हट्टानं परत घेऊन आली. मग काही वर्षं तो गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याकडं राहिला. त्याला सारखं मोजायचा नाद. आपण म्हणालो असतो, 'बंद कर ते!' त्या शेतकऱ्यानं नांगर त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, मक्याच्या ओळी मोज. मोजत मोजत त्यानं शेत नांगरलं. पुढं तो कॉलेजात गेला, बँकेत नोकरी केली, गाडी शिकला, रोज गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरून आला. 2023 साली वयाच्या 89 व्या वर्षी गेला. आता हेही सांगते, बँक त्याच्या आजोळची होती. पैसा होता, म्हणून गोष्ट इतकी गोड झाली. पण गावही होतं. तो लोकांना नावाऐवजी आकडे द्यायचा, रबरबँड मारायचा, आणि लोक आपला आकडा कौतुकानं सांगायचे. दोन अमेरिकन पत्रकार त्याला शोधत गावात गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांनाच दम दिला की त्याला त्रास दिलात तर याद राखा.

तुमचं बरोबर आहे, सवयी सगळ्यांनाच असतात. भाऊजींना पेपर आधी कोणी उलगडलेला चालत नाही, तुम्ही कुलूप लावून कोपऱ्यावरून परत येता, मी बोलताना पदराचं टोक पिळते. पण तेवढ्यावरून 'म्हणजे आपण सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक' असं त्याच्या आईसमोर बोलू नका हं. ऐकायला गोड वाटतं, आणि तिच्या दिवसभराच्या कष्टांवर पाणी पडतं. भाऊजींचा पेपर चुरगळला तर ते कुरकुरतात. त्याची शाळेची रिक्षा वेगळ्या रस्त्यानं गेली तर त्या दिवशी त्याला जेवण जात नाही. माप वेगळं आहे.

लग्न करून दिलं की सुधारेल, असं कोणी सुचवलं तर मात्र मला हाक मारा, मी येते बोलायला. माझ्या बहिणीला किती जणांनी ऐकवलंय! आणि त्या जडीबुटीवाल्याचा नंबर या पोराच्या आईला देऊ नका, मूळपेशींची इंजेक्शनं देणाऱ्याचा तर नकोच. लोक जमिनी विकून ती घेतात. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑटिझमवर ती वापरू नयेत असं सांगितलंय. बरं व्हायला तो काही आजार नाही. शिकवता येतं, सोपं करता येतं. गोव्यातल्या संगाथ संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या लोकांनी मिळून 65 मुलांना घेऊन एक प्रयोग केला. डॉक्टर नाही, साध्या शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आई मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचा आणि तोच तिला दाखवायचा. बघा, इथं त्यानं तुमच्याकडं बघितलं होतं, तुमच्या लक्षात आलं नाही. मुलं आपणहून जास्त बोलायला, खुणावायला लागली. सरकारी बाजूही आहे. 2016 च्या कायद्यात ऑटिझमची वेगळी नोंद झाली, दाखला मिळतो, 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे. त्याच्या आईला त्या फॉर्मसाठी साहेबांची ओळख हवी होती. भाऊजींच्या ऑफिसातले ते कोण हो, समाजकल्याणला बदलून गेलेले? विचारा ना जरा.

परत गेलात तर त्याला काय म्हणायचं? 'आईला बाहेर बोलाव.' एवढंच. वर 'काय रे, ओळखलंस का मला?' असलं काही लावू नका, तो 'हो' म्हणेल आणि पुन्हा तुम्हीच रुसाल. गालाला हात लावायचा नाही. मोठ्यानं बोलायची गरज नाही, त्याला उलट जास्तच ऐकू येतं.

हा घ्या कढीपत्ता. आणि वहिनी, ऐका, संक्रांतीला तिळाच्या वड्या दिल्या होत्या तो माझा स्टीलचा डबा तुमच्याकडं आहे. तेव्हा मी म्हणाले होते, 'राहू दे हो, सावकाश द्या.' सावकाश नकोय. उद्या सकाळी दहाच्या आत हवाय, लोणच्याला लागणार आहे. झाकणासकट.

आता तोंड का असं झालं तुमचं?